चिप वेगवान झाल्या, त्या वापरणं सोपं कधी होणार?

२०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी एक प्रयोग मांडला होता. ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभ असलेल्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा. गणित कॉलेजच्या मुलाला येणारं, यंत्र मात्र तगडं, १८ कोअरचं (कोअर म्हणजे चिपमधला हिशेब करणारा स्वतंत्र भाग). पुस्तकात शिकवतात तसे एकात एक तीन लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळी) पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिले, तर या गुणाकाराला सात तास लागले. तेच लूप सी या भाषेत लिहिल्यावर काम नऊ मिनिटांवर आलं. मग संशोधकांनी ते काम सगळ्या कोअरवर वाटलं, मेमरीतून आकडे आणण्याचा क्रम बदलला, एका फटक्यात अनेक आकडे गुणणाऱ्या खास सूचना वापरल्या. शेवटच्या आवृत्तीला लागले ०.४१ सेकंद. सुरुवातीच्या प्रोग्रामपेक्षा जवळजवळ ६३ हजार पट वेग, त्याच यंत्रावर.

या आकड्यांची चर्चा निघाली की लोक पायथॉनला नावं ठेवून मोकळे होतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. नऊ मिनिटं आणि ०.४१ सेकंद यांच्यातही तेराशे पटींचं अंतर आहे. म्हणजे ज्याला सी चांगलं येतं, जो मेहनतीने, नीटनेटका प्रोग्राम लिहितो, त्याच्याही हाती यंत्राच्या ताकदीचा हजारावा हिस्सा लागत नाही. बाकीची ताकद त्याने पैसे मोजून घेतलेल्या त्याच डब्यात असते. ती बाहेर काढण्याची विद्या मोजक्या लोकांकडे असते, आणि असे लोक सहसा मोठ्या कंपन्यांच्या पगारावर असतात.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आणि मच्छेतल्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. इथे ओतकामाच्या फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मशिनवर) जॉबवर्क करणारी छोटी युनिटं गल्लोगल्ली आहेत. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. या सगळ्यांना आता कॅमेरा लावून माल तपासायचाय, मशिनच्या कंपनांवरून बेअरिंग कधी जाणार ते ओळखायचंय. त्यासाठी लागणारी चिप आज एखाद्या साध्या लॅपटॉपच्या किमतीत मिळते. ती चालवणारा माणूस त्या किमतीत मिळत नाही. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, की हे अवघडपण निसर्गाने दिलेलं नाही. ते कुणाच्या गळ्यात घालायचं याचा निर्णय कुणीतरी घेतलेला आहे. तो बदलून घेता येतो, आणि जिथे सरकारी पैसा लागतो तिथे तो बदलून मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

हे ओझं आपल्याकडे आलं कसं ते आधी पाहू. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर लहान करत नेला तर त्याला लागणारी वीजही त्याच्या आकाराबरोबर घटत जाते. त्यामुळे दर पिढीत जास्त ट्रान्झिस्टर बसवता येत, चिपच्या घड्याळाचा, म्हणजे कामाच्या ठेक्याचा, वेगही वाढवता येई, आणि तरी चिप तापत नसे. तीस वर्षं हा हिशेब जमला. प्रोग्रामरने काही न करता, नवा संगणक घेतला की जुना प्रोग्राम आपोआप पळू लागे. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली आणि हिशेब बिघडला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. पुढच्याच वर्षी घरगुती संगणकांत दोन कोअरच्या चिप आल्या. त्यानंतर कोअर वाढत गेले, ग्राफिक्सच्या चिप हिशेबाला जुंपल्या गेल्या, न्यूरल नेटवर्कसाठी (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामसाठी) वेगळे भाग आले. ट्रान्झिस्टरचा आकडा १९७८ च्या ८०८६ मध्ये २९ हजार होता, तो एनव्हीडिया कंपनीच्या २०२२ च्या एच १०० मध्ये ८ हजार कोटींवर गेला.

पण काम तुकड्यांत कसं पाडायचं, कुठला तुकडा कुठे चालवायचा, डेटा कधी कुठे न्यायचा, हे सगळं आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं. पूर्वी वेग वाढवण्याची जबाबदारी चिप बनवणाऱ्याची होती, ती आता आपली झाली.

त्यातही सगळ्यात जास्त छळते ती मेमरी. कोअरच्या अगदी शेजारच्या कॅशे नावाच्या छोट्या मेमरीतून आकडा एक-दीड नॅनोसेकंदात मिळतो, मुख्य मेमरीतून आणायला शंभरच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात कोअरने शेकडो सूचना उरकल्या असत्या. विजेचंही तसंच. दोन आकडे गुणायला जी ऊर्जा लागते तिच्या शेकडो पट ऊर्जा ते आकडे मुख्य मेमरीतून आणायला लागते. आजच्या यंत्रात गणित स्वस्त आहे आणि वाहतूक महाग. आणि आपण मुलांना ज्या भाषा शिकवतो त्यांत या वाहतुकीसाठी एक शब्दही नाही. ‘अ बरोबर ब अधिक क’ लिहिताना ब कुठून येतोय, शेजारून की लांबून, ते त्या ओळीत कुठेच दिसत नाही.

हे प्रत्यक्षात कसं अंगावर येतं त्याचं एक उदाहरण देतो. एका फाउंड्रीत फेटलिंग झालेली, म्हणजे घासून साफ केलेली, कास्टिंग (ओतीव भाग) तपासणीच्या टेबलावर येतात. दिव्याखाली धरून ब्लो होल (हवेचं भोक) आहे का, कुठे रेती अडकलीय का, चीर गेलीय का, ते बघायचं. नजर बसलेली माणसं हे काम भराभर करतात, पण दुसऱ्या पाळीच्या शेवटी डोळे थकतात आणि खराब माल पुढे जातो. तिथल्या एका तरुण इंजिनिअरने वर कॅमेरा बसवला, खाली एक छोटा जीपीयू (ग्राफिक्सची चिप असलेला) बोर्ड लावला आणि दोष ओळखणारं मॉडेल त्यावर चढवलं. मॉडेल चांगलं होतं, दोष पकडत होतं. पण एकेका चित्राला इतका वेळ लागे की टेबलावर कास्टिंगचा ढीग साठायचा. “सर, ह्याच्यापेक्षा मोठा बोर्ड घ्यायला लागतोय काय?” हा त्याचा प्रश्न. मालकांनी पैसे बाजूला काढूनही ठेवले होते.

मोठा बोर्ड लागणार नव्हता. कॅमेऱ्याचं चित्र २५९२ बाय १९४४ पिक्सेलचं, तीन रंगांचं, म्हणजे साधारण १५ एमबी. त्याचा प्रोग्राम आधी या अख्ख्या चित्रातला प्रत्येक आकडा दशांश अपूर्णांकात बदलत होता, त्यामुळे १५ चे ६० एमबी होत. ते ६० एमबी एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत जात, आणि मग तिथे चित्र लहान करून ६४० बाय ६४० चं केलं जाई, कारण मॉडेलला तेवढंच हवं असतं. ६४० बाय ६४० चं मूळ चित्र सव्वा एमबीचं असतं. आधी लहान करा, मग बदला, मग पाठवा. क्रम एवढा बदलल्यावर त्याच बोर्डावर काम सुरळीत चालू झालं.

मुलगा हुशार होता. त्याच्या प्रोग्रामच्या तिन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या. चूक फक्त त्यांच्या क्रमात होती, आणि हा क्रम महाग पडतोय हे त्याला कुणीही सांगितलं नाही. भाषेने सांगितलं नाही, लायब्ररीने सांगितलं नाही. बोर्डाबरोबर आलेलं मोजमापाचं साधन होतं, पण ते एका वेगळ्या संगणकावर, ऑपरेटिंग प्रणालीच्या ठराविक आवृत्तीवरच चाले आणि शेकडो रंगीत पट्ट्या दाखवी. त्यातून ‘तुझा वेळ चित्र इकडून तिकडे नेण्यात जातोय’ हे साधं वाक्य काढायला जाणकारच लागतो. माझी पहिली मागणी म्हणूनच वेगवान चिपची नाही. वेळ कुठे गेला ते यंत्राने, कामाच्या भाषेत, न विचारता सांगावं. चिपच्या आत ही मोजणी करणारे काउंटर आधीपासून असतात. ते वाचून माणसाला समजेल असं सांगण्याच्या कामावर कंपन्या पैसा खर्च करत नाहीत, एवढंच.

आता, सोपं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे दोन टोकाच्या समजुती आहेत आणि दोन्ही महागात पडलेल्या आहेत. एक म्हणजे सगळं झाकून टाका, प्रोग्रामरला काही कळायची गरजच नाही. दुसरी म्हणजे सगळं उघडं ठेवा, ज्याला हवं तो शिकेल. या वादाचं उत्तर उद्यमबागेतल्या कुठल्याही चांगल्या सीएनसी सेटरच्या (मशिन कामाला लावून देणाऱ्या कारागिराच्या) हातात कित्येक वर्षांपासून आहे.

लेथवर ५० मिलिमीटरचा गज पायऱ्यापायऱ्यांनी ३० वर आणायचाय असं समजा. साध्या पद्धतीने लिहायचं तर प्रत्येक काप वेगळा लिहावा लागतो. जी-०० ने टूल जवळ आण, इतकं आत घे, जी-०१ ने इथपर्यंत काप, मागे घे, परत ये, आणखी आत घे. ओळीच ओळी, आणि एका आकड्यात चूक झाली तर टूल जॉबवर आदळलंच. जी-७१ या सायकलमध्ये (एका आज्ञेत बांधलेल्या कापांच्या मालिकेत) हे सगळं लिहिणं वाचतं. तयार जॉबचा आकार एकदाच लिहायचा. दर वेळी किती खोल काप घ्यायचा, फिनिशिंगला किती माल सोडायचा, फीड (टूल सरकण्याचा वेग) किती, हे वेगळ्या ओळीत सांगायचं. मधले सगळे काप कंट्रोलर स्वतः काढतो. (ओतलेल्या कास्टिंगला जी-७३ बरा पडतो, तिथे कच्चा माल आधीच आकाराच्या जवळ असतो.) धातू बदलला, टूलची टीप बदलली, मशिन जुनं असून थरथरतंय, तर खोली आणि फीड बदला. जॉबच्या आकाराला हात लावायची गरज नाही.

काय हवंय ते एकीकडे आणि ते कसं करायचं ते दुसरीकडे, आणि दोन्ही माणसाच्या हातात. कापाची खोली कंट्रोलरने सेटरपासून लपवली असती तर कुठलाही सेटर ती सायकल वापरायला तयार झाला नसता, कारण आपल्या मशिनचा दम त्याला माहीत असतो. आणि सगळे काप हाताने लिहायला लावले असते तर निम्मी युनिटं सुरूच झाली नसती.

संगणकाच्या जगात नेमकी हीच विभागणी २०१२ साली एमआयटीतून आलेल्या हॅलाइड या भाषेने केली. चित्रावर काय प्रक्रिया करायची ते एका भागात लिहायचं. ती तुकडे पाडून करायची की सलग, किती कोअरवर, मधली उत्तरं साठवायची की पुन्हा काढायची, हे दुसऱ्या भागात. दुसऱ्या भागात काहीही बदल केला तरी उत्तर बदलत नाही, फक्त वेग बदलतो. त्यामुळे धडाधड प्रयोग करून पाहता येतात. गुगलच्या पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यात आणि अॅडोबीच्या फोटोशॉपमध्ये ही भाषा कामाला लागली. हार्वर्डमध्ये २०१९ साली सुरू झालेली आणि पुढे ओपनएआयने २०२१ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ट्रायटन ही भाषाही याच दिशेची आहे. तिथे प्रोग्रामर आकड्यांच्या तुकड्यांचा विचार करतो, तुकड्याच्या आतली बारीक हलवाहलव कंपायलर (प्रोग्रामचं चिपच्या सूचनांत भाषांतर करणारं साधन) बघतो. म्हणजे हे होऊ शकतं, झालेलंही आहे. फक्त ते मोजक्या चिपपुरतं आणि मोजक्या कामांपुरतं झालंय.

दोन्ही टोकांना गेलेल्यांचं काय झालं तेही इतिहासात आहे. इंटेल आणि एचपी यांनी इटेनियम ही चिप २००१ साली बाजारात आणली. त्यामागची कल्पना अशी की कुठल्या सूचना एकाच वेळी चालवायच्या ते चिपने शोधायचं नाही, कंपायलरने आधीच शोधून ठेवायचं. पण मेमरीतून आकडा कधी येणार ते प्रोग्राम चालू असतानाच कळतं, कंपायलरला ते आधी कळायला मार्ग नाही. त्यामुळे अपेक्षित वेग कधी आलाच नाही. २०२१ मध्ये शेवटचे इटेनियम विकले गेले. उलट टोकाचं उदाहरण म्हणजे २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधली सेल चिप. तिच्यातल्या प्रत्येक मदतनीस कोअरजवळ अवघी २५६ केबी मेमरी होती, आणि तिच्यात काय आणायचं, काय परत पाठवायचं, ते सगळं प्रोग्रामरने हाताने लिहायचं. ताकद अफाट होती. सेलच्याच सुधारित चिपवर २००८ साली रोडरनर हा महासंगणक उभा राहिला आणि सेकंदाला दहा लाख अब्ज हिशेबांचा टप्पा त्याने जगात पहिल्यांदा ओलांडला. पण खेळ लिहिणारे मेटाकुटीला आले, आणि सोनीने २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये साध्या पीसीच्या घराण्यातली चिप घेतली.

मधल्या वाटेने गेला तो कुडा, एनव्हीडियाच्या ग्राफिक्स चिपवर प्रोग्राम लिहिण्याची पद्धत. त्याच्याआधी जीपीयूवर गणित करायचं म्हणजे आपले आकडे चित्राच्या पोतात दडवायचे, चित्र रंगवायचं नाटक करायचं आणि उत्तर पिक्सेलमधून वाचायचं. एनव्हीडियाने २००७ साली कुडा दिला आणि सीसारख्या भाषेत सरळ लिहिता येऊ लागलं. तेही खेळासाठी घेतलेल्या साध्या कार्डावर, फुकट. २०१२ मध्ये अॅलेक्सनेट हे चित्र ओळखणारं न्यूरल नेटवर्क गाजलं, ते बाजारात मिळणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवलेलं होतं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेचं मूळ तिथे आहे. प्रोग्रामिंग सोपं केल्याने काय होतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कुडामध्ये लिहिलेला प्रोग्राम एनव्हीडियाच्याच कार्डावर चालतो. सगळ्यांच्या चिपवर चालावं म्हणून ओपनसीएलचं मानक २००८ च्या डिसेंबरमध्ये आलं, पण ते वापरायला जड राहिलं आणि सोपेपणात मागे पडलं. म्हणजे सोपेपणा एकाच दुकानात मिळतो, आणि एकदा त्या दुकानात शिरलेला माणूस बाहेर पडू शकत नाही. उद्यमबागेतल्या मशिन पंधरा-वीस वर्षं चालतात. वर सांगितलेल्या बोर्डासाठी कंपनीने सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या देणं चार-पाच वर्षांतच थांबवलं. मशिनला अजून अर्धं आयुष्य शिल्लक, आणि तिच्यावर बसवलेला मेंदू अनाथ. आतली माहिती उघड असती तर कुणी ना कुणी, अगदी इथल्याच एखाद्या कॉलेजातल्या मुलांनीसुद्धा, तो पुढे चालवला असता.

कंपन्या म्हणतात, माहिती दिली तर धंद्याचं गुपित फुटेल. हा युक्तिवाद मला पटत नाही. इंटेल आपल्या चिपच्या सूचनांची हजारो पानांची पुस्तिका कित्येक वर्षं फुकट देत आलंय, आणि त्याने त्यांचा धंदा बुडाला नाही. उलट त्या पुस्तिकेमुळेच जगभरच्या लोकांनी त्या चिपसाठी कंपायलर लिहिले. एएमडी आपल्या जीपीयूच्या सूचनांची माहिती प्रसिद्ध करतं. एनव्हीडिया वरच्या पातळीची भाषा सांगतं, प्रत्यक्ष चिप चालवते त्या सूचनांची पूर्ण माहिती देत नाही. चिप आतून कशी बांधली ते गुपित असू दे. तिच्याशी बोलायचं कसं, ते गुपित असता कामा नये. एफपीजीएच्या, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपच्या, बाबतीत तर कळस झाला. चिपमध्ये भरायच्या फाइलची रचनाच बंद, म्हणून लॅटिसच्या आइस ४० या छोट्या चिपची रचना काही हौशी लोकांनी चाचपडत उलगडली आणि २०१५ च्या सुमाराला त्यातून आइसस्टॉर्म हा खुला प्रकल्प उभा राहिला. आज शिकाऊ मुलं त्यावरच हात बसवतात. जे काम कंपनीने एका कागदावर द्यायला हवं होतं, त्यात हुशार माणसांची वर्षं गेली.

इथे प्रश्न सार्वजनिक होतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्हवर आधारित देशी प्रोसेसरसाठी डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर झाला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे प्रोसेसर त्याच वाटेवरचे. रिस्क-फाइव्ह हा सूचनांचा खुला संच २०१० साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात सुरू झाला, तो कुणीही परवाना शुल्क न भरता वापरू शकतो. ही निवड योग्य आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण सूचना खुल्या असल्या म्हणजे चिप सोपी झाली असं नाही. त्यावर चांगला कंपायलर हवा, गणिताच्या घासूनपुसून वेगवान केलेल्या लायब्ऱ्या हव्यात, वेळ कुठे जातो ते सांगणारं साधन हवं. कारखान्याची इमारत दिसते, उद्घाटनाची फीत कापता येते. कंपायलरची फीत कापता येत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही. सेल आणि इटेनियम या दोन्ही चिप सिलिकॉन कमी पडलं म्हणून मागे पडल्या नाहीत. आपल्या देशी चिपचं तसं होऊ नये असं वाटत असेल, तर अनुदानातला ठराविक, ठळक वाटा सॉफ्टवेअरच्या या खालच्या थरासाठी आधीच बाजूला काढून ठेवला पाहिजे.

अलीकडे एक वेगळीच हरकत ऐकू येते. आता प्रोग्राम एआयच लिहील, मग यंत्र सोपं कशाला करायचं? मीही ही साधनं रोज वापरतो आणि ती उपयोगी आहेत. पण ती शिकतात ती लोकांनी उघड्यावर लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांवरून आणि पुस्तिकांवरून. ज्या चिपची पुस्तिकाच नाही तिच्याबद्दल ती ठामपणे चुकीचं सांगतात. आणि लिहून दिलेला प्रोग्राम बरोबर आहे की नाही, ते तपासायला माणसाला तो वाचता आला पाहिजे. काय आणि कसं हे एकमेकांत गुंतलेल्या चारशे ओळी कुणी लिहिल्या याने फरक पडत नाही, त्या तपासता येत नाहीत. दोन्ही वेगळे असले तर ‘काय’ची वीस ओळींची बाजू एखादा मिस्त्रीही डोळ्यांखालून घालेल. उद्या खराब कास्टिंग पुढे गेलं आणि ग्राहकाने अख्खी लॉट परत पाठवली तर फोन फाउंड्रीच्या मालकाला येणार, एआयला नाही.

१९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ साठी फोरट्रान आणली, तेव्हाही जाणकारांना खात्री होती की हाताने लिहिलेल्या प्रोग्रामची सर कंपायलरला येणार नाही. बॅकस यांच्या गटाने हाताने लिहिलेल्याच्या तोडीचा वेग मिळवणं हेच आपलं मुख्य ध्येय ठेवलं, म्हणून ती टिकली. सोपं आणि वेगवान यांतलं एकच मिळेल हे गृहीत तेव्हाही चुकीचं ठरलं होतं.

आपल्या भागापुरतं काय करता येईल? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय मच्छेला, आपल्या दारात आहे. १९९८ पासून कर्नाटकातल्या बहुसंख्य इंजिनिअरिंग कॉलेजांचा अभ्यासक्रम इथून ठरतो. खानापूरचा, निपाणीचा, चिकोडीचा मुलगा जे शिकतो ते या आवारात ठरतं. मी ज्या मुलांशी बोलतो त्यांना मायक्रोकंट्रोलरचे (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या चिपचे) पत्ते आणि रजिस्टर (आकडे ठेवायचे आतले कप्पे) पाठ असतात. १९८० च्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर हात बसवण्यात वाईट काही नाही. पण आपल्याच प्रोग्रामचा वेळ कुठे गेला ते मोजून दाखव म्हटलं की ती गप्प होतात, कारण त्यांना ते कुणी करायलाच लावलेलं नसतं. उत्तर बरोबर आलं की प्रयोग संपला, वहीवर सही. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक प्रोग्रामिंगच्या प्रयोगात ‘किती वेळ लागला आणि का’ हा रकाना असावा, आणि त्याला गुण असावेत. याला नवी प्रयोगशाळा लागत नाही. चार कोअरचा कुठलाही जुना संगणक चालतो.

ही मुलं पदवी घेतात आणि पुण्याची किंवा बेंगळुरूची गाडी धरतात. दोन्ही शहरं एकाच महामार्गावर, एक वर, एक खाली. मराठी बोलणारी आणि कन्नड बोलणारी दोघंही जातात आणि जाऊ देत, त्यांच्या भाकरीचा प्रश्न आहे. पण जो इथे राहू इच्छितो, ज्याच्या वडिलांचं तीन मशिनचं युनिट आहे, त्याला आपल्या मशिनवरची चिप स्वतः चालवता आली पाहिजे. त्यासाठी त्याला एखाद्या महागड्या तज्ज्ञाची वाट बघावी लागू नये. विद्या अवघड ठेवली की ती पैशाच्या मागे मोठ्या शहरात जाते. छोट्या गावातल्या हुशारीला तिथे जागा उरते ती फक्त वापरणाऱ्याची.

दुसरं काम खरेदीचं आहे, आणि ते लगेच करता येण्यासारखं आहे. सरकारी पॉलिटेक्निक, आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजं दरवर्षी निविदा काढून बोर्ड, संगणक आणि प्रशिक्षणाचे संच घेतात. त्या निविदांत मेमरी किती, कोअर किती, वॉरंटी किती, हे सगळं असतं. त्यात तीन अटी वाढवाव्यात. चिपच्या सूचनांची आणि रजिस्टरची पूर्ण पुस्तिका कुठल्याही करारावर सही न करता मिळाली पाहिजे. कंपायलर आणि वेळ मोजण्याचं साधन फुकट, इंटरनेटशिवाय, साध्या लिनक्सवर चाललं पाहिजे. आणि कंपनीने आवृत्त्या देणं थांबवलं, तर ड्रायव्हरचा (बोर्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स कोड त्या दिवशी खुला झाला पाहिजे. एका कॉलेजने या अटी घातल्या तर पुरवठादार दुर्लक्ष करील. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या तंत्रशिक्षण खात्यांनी घातल्या, तर त्याला खालच्या कंपनीला विचारावंच लागेल, कारण एवढी मोठी ऑर्डर कुणी सोडत नाही. यातली तिसरी अट सगळ्यात जास्त ताणली जाईल आणि बहुधा वाटाघाटीत पडेल. पहिल्या दोन सोडू नयेत. इथल्या उद्योजकांच्या संघटनांनीही आपापल्या सदस्यांच्या खरेदीत त्या घालायला हरकत नाही, मशिन विकायला येणाऱ्या माणसाला एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.